भावी शिक्षकाचा शोधप्रकल्प : मार्लवाईच्या कसोटीवर

अध्यापक महाविद्यालयाच्या अखेरच्या सत्रात छात्राध्यापकाला एक शोधप्रकल्प पूर्ण करावा लागतो. कोठे त्याला कृतिसंशोधन म्हणतात, कोठे लघुशोधनिबंध, तर कोठे नुसतेच 'प्रोजेक्ट'. नाव कोणतेही असो, त्याचे रूप बहुधा ठरलेले असते. पाच प्रकरणे, तीस-चाळीस विद्यार्थ्यांचा नमुना, एक प्रश्नावली, टक्केवारीची कोष्टके, अखेरीस शिफारशी आणि या सगळ्यावर सोनेरी अक्षरांचा जाड पुठ्ठा. तोंडी परीक्षा झाली की हा पुठ्ठा कपाटात जातो आणि छात्राध्यापक नोकरीच्या शोधात जातो. पुढे दोघांची गाठ पडत नाही.

अशा तोंडी परीक्षांना बसण्याचा योग प्रस्तुत लेखकाला अनेकदा आला आहे. त्या वेळी मी एक प्रश्न हमखास विचारतो : "तुमच्या नमुन्यातल्या चार मुलांची नावे सांगा, आणि ती घरी कोणती भाषा बोलतात तेही सांगा." टी-चाचणीचे मूल्य दोन दशांश स्थळांपर्यंत पाठ असलेले छात्राध्यापक या साध्या प्रश्नाला अडखळतात. मुलांना त्यांनी अनुक्रमांक दिलेले असतात. मुले त्यांना भेटलेली नसतात. क्वचित एखादी छात्राध्यापिका पटापट सात-आठ नावे सांगते, कोण कोलाम वाडीतून येतो, कोणाची आजी त्याला शाळेत सोडते हेही सांगते. तिच्या प्रबंधातली कोष्टके कधी कधी चुकलेली असतात, हेही येथे नमूद केले पाहिजे. गुण मात्र कोष्टकांना मिळतात.

हा दोष केवळ विद्यार्थ्यांच्या आळसाचा आहे, असे म्हणणे सोयीचे असले तरी खरे नाही. कृतिसंशोधन ही कल्पना मुळात याच्या उलट होती. कुर्ट लेविन यांनी १९४६ मध्ये ही संज्ञा मांडली आणि स्टीफन कोरी यांनी १९५३ मध्ये ती शाळेच्या संदर्भात विस्ताराने लिहिली. शिक्षकाने आपल्याच वर्गातली अडचण हेरावी, तिच्यावर उपाय करून पाहावा, काय घडले ते नोंदवावे आणि त्यानुसार उपाय बदलावा, एवढाच त्याचा गाभा. आपल्याकडे ती आली तेव्हा तिच्या अंगावर विद्यापीठीय प्रबंधाचा अंगरखा चढवला गेला. परिकल्पना, चल, नमुनानिवड, सार्थकता-स्तर ही उपकरणे वाईट नाहीत. पण वर्गात पाऊल टाकण्यापूर्वीच त्यांची सक्ती झाली की वर्ग हा केवळ आकडे पुरवणारा होऊन बसतो. मग शीर्षके एकमेकांसारखी होतात : अमुक इयत्तेच्या विद्यार्थ्यांच्या तमुक विषयातील संपादणुकीचा तौलनिक अभ्यास. गावाचे नाव बदलले की प्रबंध नवा. झेरॉक्सच्या दुकानात मागील वर्षीची प्रत मिळते हे सर्वांना ठाऊक असते. आता तर संगणकाला विषय सांगितला की पाचही प्रकरणे तयार होऊन येतात. जो प्रबंध वर्ग न पाहता लिहिता येतो, तो यंत्राने लिहिला म्हणून तक्रार करण्यात फारसा अर्थ नाही.

तेव्हा प्रश्न असा की शिक्षक होऊ पाहणाऱ्या माणसाने संशोधन कशासाठी करावे? या प्रश्नाला आमच्या उटनूर भागात एक उत्तर ऐंशी वर्षांपूर्वी देऊन झाले आहे. ते अपुरे होते, काही बाबतींत सदोषही होते. पण आजच्या प्रकल्पाची समीक्षा करताना त्याच्याशी तुलना करणे मला अटळ वाटते.

मार्लवाई

उटनूर हे आज तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातले मंडलाचे गाव. आदिवासी विकास यंत्रणेचे, ज्याला सगळे आयटीडीए म्हणूनच ओळखतात, कार्यालय येथेच आहे. मार्लवाई जैनूर मंडलात येते आणि २०१६ च्या जिल्हा-विभाजनानंतर ते कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्यात गेले. निजामाच्या राजवटीत हा सगळा मुलूख एकच होता आणि त्यात किनवट व राजुरा हे तालुकेही होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत हे दोन तालुके मराठी मुलखात गेले आणि उरलेला जिल्हा आंध्र प्रदेशात.

१९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. जमीन आणि जंगल यांच्यासाठी उठलेल्या या बंडाने हैदराबाद सरकार हादरले, आणि त्याची कारणे शोधण्यासाठी ख्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेन्डॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला त्याने गोंडांमध्ये पाठवले. ते पत्नी बेटी यांच्यासह मार्लवाईला झोपडी बांधून राहिले. म्हणजे ज्या संशोधनाविषयी आपण बोलत आहोत, त्याच्या मुळाशी रक्त सांडले होते. 'संशोधनाची गरज' या उपशीर्षकाखाली चार ओळी लिहून ते सुरू झालेले नव्हते.

हायमेन्डॉर्फ यांचे निदान असे होते की जमिनीचे पट्टे मिळाले तरी ते वाचता येणारा माणूस गोंडांत असल्याशिवाय ते टिकणार नाहीत. पावती, जमिनीचा उतारा, नोटीस ही सगळी कागदपत्रे दुसऱ्याच्या भाषेत आणि दुसऱ्याच्या हातात. म्हणून १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. थोडेफार मराठी लिहिता-वाचता येणारे मोजके गोंड तरुण हे त्याचे पहिले विद्यार्थी. त्यांच्याकडे पदवी नव्हती, मॅट्रिकही नव्हती. पण जे आजच्या प्रशिक्षणात शोधूनही सापडत नाही ते त्यांच्याकडे होते : ज्या मुलांना शिकवायचे त्यांची भाषा.

येथे महात्मा फुले यांची आठवण होणे स्वाभाविक आहे. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातूनच तयार करावेत, अशी मागणी त्यांनी केली होती. मार्लवाईला ती मागणी ज्या रूपात पूर्ण झाली ते रूप फुल्यांच्या डोळ्यांसमोर असण्याचे कारण नाही. पण विचार एकच आहे.

आता मुख्य मुद्दा. या केंद्रापुढे पाठ्यपुस्तक नव्हते. गोंडी ही द्राविड कुळातली भाषा. आदिलाबादच्या गोंडांत तिचे छापील पुस्तक नव्हते. म्हणून प्रशिक्षण आणि पुस्तकनिर्मिती ही दोन्ही कामे बरोबरीने चालली. गोंडीची अंकलिपी आणि वाचनमाला देवनागरीत तयार झाली. देवनागरी का, याचे उत्तर त्या काळच्या बाजारात आहे : आदिलाबादचे गोंड तेव्हा बाहेरच्या जगाशी मुख्यतः मराठीत व्यवहार करत, आणि मराठीची लिपी जाणणारी माणसे गावोगाव थोडी तरी होती. राज्याची भाषा उर्दू होती, त्यामुळे वरच्या पायरीवर तिच्याशीही गाठ होतीच. वाचनपुस्तकांतला मजकूर गोंडांच्या स्वतःच्या गोष्टींतून घेतलेला. तो मजकूर बाहेरून आलेल्या पंडिताने एकट्याने रचावा हे अशक्य होते. शब्द सांगणारे, उच्चार सुधारणारे, 'असे आम्ही म्हणत नाही' असे स्पष्ट सांगणारे त्या भाषेचे लोकच असणार.

आजच्या परिभाषेत सांगायचे तर यातच छात्राध्यापकाचा शोधप्रकल्प होता. त्याला सामग्री गोळा करावी लागली, ती तपासावी लागली, लिपीत बसवावी लागली आणि दुसऱ्याच दिवशी मुलांपुढे ठेवावी लागली. निष्कर्ष बरोबर की चूक हे मुलाच्या चेहऱ्यावर दिसे. पुढे हे शिक्षक गावोगावच्या शाळांत गेले; काही जण महसूल आणि जंगल खात्यातल्या लहान नोकऱ्यांतही शिरले, ज्या जागांवर तोवर गोंड माणूस बसलेला कोणी पाहिला नव्हता.

मराठी वाचकाला याच काळातला दुसरा प्रयोग जवळचा वाटेल. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी जे काम केले, त्यातही शिक्षकाने आधी मुलाचा परिसर वाचला आणि मग बिया, शंख-शिंपले, माती यांतून साधने केली. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा मुलांच्या मागे कुरणात गेली. दोन्ही ठिकाणी संशोधन हा अध्यापनाचाच भाग होता. कोसबाडची गोष्ट आपल्या अध्यापक महाविद्यालयांत निदान परीक्षेपुरती सांगितली जाते. मार्लवाईची सांगितली जात नाही, आणि उटनूरच्या परिसरातही ती शिक्षकांच्या तोंडून क्वचितच ऐकू येते. हायमेन्डॉर्फ दांपत्याच्या समाधीवर दरवर्षी जमणाऱ्या गोंडांना ती अधिक ठाऊक आहे. बेटी १९८७ मध्ये हैदराबादला वारल्या आणि मार्लवाईला पुरल्या गेल्या. १९९५ मध्ये लंडनला वारलेल्या हायमेन्डॉर्फ यांच्या अस्थी २०१२ मध्ये त्यांच्याशेजारी आणून ठेवण्यात आल्या.

प्रयोगाची दुसरी बाजू

मार्लवाईचे कौतुक करून थांबणे सोपे आहे. पण समीक्षकाने तसे करू नये.

पहिला आक्षेप श्रेयाचा. हायमेन्डॉर्फ यांचा आदिलाबादच्या राजगोंडांवरील ग्रंथ १९४८ मध्ये लंडनला इंग्रजीत प्रसिद्ध झाला. गोंडांच्या पुराणकथा आणि विधी यांचा तो आजही आधारग्रंथ आहे. त्यातल्या कथांचे खरे धनी परधान, म्हणजे किकरीच्या साथीवर गोंडांच्या कुळकथा गाणारे पिढीजात गायक. गंमत अशी की आदिलाबादचे हे परधान घरात मराठी बोलतात आणि गाथा गोंडीत गातात. एका भाषेचे महाकाव्य दुसऱ्या भाषेच्या लोकांनी सांभाळावे असा हा विलक्षण प्रकार आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांनी त्याकडे जवळजवळ पाठच फिरवली आहे. ते असो. ग्रंथाचे श्रेय ग्रंथकाराकडे गेले, आणि मार्लवाईच्या माणसाला तो वाचता येण्याजोगा नव्हता. वाचनमाला गावात राहिली, ग्रंथ लंडनला गेला. एकाच सामग्रीचे हे दोन प्रवास छात्राध्यापकाने डोळ्यांपुढे ठेवावेत. त्याचा प्रबंध कोणत्या वाटेने जाणार?

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा प्रयोग सरकारच्या मर्जीवर उभा होता. १९४८ मध्ये निजामाची राजवट संपली. १९५६ मध्ये जिल्हा तेलुगू भाषक राज्यात गेला, शाळेची भाषा तेलुगू झाली आणि देवनागरीतली गोंडी पुस्तके निरुपयोगी ठरली. हायमेन्डॉर्फ यांनीच १९८२ च्या आपल्या ग्रंथात या पडझडीची नोंद केली आहे. देवनागरीची निवड त्यांनी बाजार पाहून केली होती. बाजार बदलला तर काय, याचा विचार त्यात नव्हता, आणि कदाचित १९४३ मध्ये तो कोणालाच करता आला नसता. मात्र गोंडांच्या हाती त्या शाळांची सूत्रे कधी आली नाहीत, हे खरे. वरून आलेली गोष्ट वरूनच गेली.

त्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. २००४ च्या सुमारास तत्कालीन आंध्र प्रदेशात आठ आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षणाचा उपक्रम सुरू झाला. त्यात गोंडी आणि कोलामी या दोन्ही होत्या; लिपी या वेळी तेलुगू. याखेरीज नारनूर मंडलातल्या गुंजाला गावी गोंडीची स्वतंत्र लिपी असलेली हस्तलिखिते उजेडात आली आणि २०१८ मध्ये ती लिपी युनिकोडमध्ये दाखल झाली. म्हणजे उटनूरच्या आसपास एकच भाषा तीन लिप्यांत लिहिली गेली आहे. आजोबांच्या हाती देवनागरी अंकलिपी, नातवाच्या हाती तेलुगू, आणि गावच्या जुन्या पोथीत तिसरेच अक्षर. ज्यांनी मार्लवाईच्या पिढीतल्या शिक्षकांकडे अक्षरे गिरवली, त्यांतले जे हयात असतील ते आज ऐंशीच्या घरात किंवा त्यापुढचे. त्यांच्याकडे बसून, शाळेत काय शिकवले, कोणत्या गोष्टी पुस्तकात होत्या, त्यातले काय आठवते एवढे लिहून घेणे हा कोणाही छात्राध्यापकाच्या आवाक्यातला प्रकल्प आहे. त्याला सांख्यिकी लागत नाही. त्याला घाई मात्र लागते.

एका अधिकाऱ्याचा धडा

या परिसरात संशोधनाचे आणखी एक उदाहरण आहे, आणि उर्दू-मराठीच्या शिक्षकाला ते अधिक जवळचे. सेतु माधवराव पगडी यांना मराठी वाचक इतिहासकार म्हणून ओळखतो. गालिबच्या गझलांची मराठीला ओळख करून देणारे म्हणूनही ओळखतो. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेतले हे अधिकारी. आदिलाबाद जिल्ह्यात आदिवासींच्या कामावर असताना ते गोंडी आणि कोलामी शिकले. आदिलाबादच्या गोंडांवरचे त्यांचे पुस्तक १९४९ मध्ये आले आणि पुढील काही वर्षांत दोन्ही भाषांची व्याकरणेही त्यांनी लिहिली. कोलामी ही चिमुकली भाषा. तिच्या व्याकरणाला द्राविड भाषांच्या अभ्यासकांनी पुढे आधार म्हणून वापरले.

पगडी कोणत्याही पदवीसाठी हे करत नव्हते. दारात आलेल्या माणसाचे म्हणणे दुभाष्याशिवाय समजावे, ही त्यांची गरज होती. फारसी, उर्दू, मराठी, तेलुगू, कन्नड येणाऱ्या माणसाला आणखी एक भाषा शिकणे सोपे गेले असेल, असे कोणी म्हणेल. पण तसे म्हणताना हेही लक्षात घ्यावे की उटनूरच्या बाजारात भाजी विकणारी बाई आजही चार भाषांत भाव सांगते, आणि तिच्या मुलाला शिकवणारा पदवीधर एकाच भाषेवर अडून बसतो.

आजचा वर्ग

आता आजच्या छात्राध्यापकाकडे वळू. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि शाळेतल्या आंतरवासितेला २० आठवडे मिळाले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आला. २०२३ पासून काही निवडक संस्थांत तो चालू झाला. म्हणजे वेळ नाही ही सबब पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. २० आठवडे हा पाच-सहा मुलांना नीट ओळखण्यासाठी पुरेसा काळ आहे. चाळीस मुलांना एकदाच प्रश्नावली देण्यापेक्षा सहा मुलांची वही वीस आठवडे पाहणे हे शिक्षकाच्या दृष्टीने अधिक मोलाचे संशोधन आहे, असे माझे मत आहे. सहा मुलांवरून सर्वसामान्य निष्कर्ष निघत नाही, ही मार्गदर्शकांची हरकत तत्त्वतः बरोबर आहे. परंतु शिक्षकाला उद्या ज्यांच्यापुढे उभे राहायचे आहे ती सर्वसामान्य मुले नसतात. ती हीच असतात.

अशा वहीत काय दिसते याची दोन-तीन उदाहरणे देतो. उर्दू घरातला मुलगा मराठीत 'माझी पुस्तक चांगली आहे' असे लिहितो. शिक्षक लाल रेघ मारतो. मुलाने चूक केली हे खरे, पण त्या चुकीला व्याकरण आहे : त्याच्या घरात किताब स्त्रीलिंगी आहे आणि उर्दूत नपुंसकलिंग नाहीच. मराठीचे तिसरे लिंग त्याला कोणी दाखवलेले नाही. दाखवले असे शिक्षक समजतो, कारण ते त्याला स्वतःला कधी शिकावे लागले नाही. वीस आठवड्यांत अशा रेघांची यादी केली, त्या कोणत्या शब्दांवर पडतात हे पाहिले, तर पुढच्या वर्षीसाठी दहा उत्तम पाठ तयार होतात.

याची दुसरी बाजू उर्दू शाळेत दिसते. आपल्या भागातली मुले घरी जी बोलतात ती दखनी. तिच्यात मराठीतून आलेला 'नको' आहे, जोर देणारा 'च' आहे, 'बातां', 'लोगां' अशी अनेकवचने आहेत. पाठ्यपुस्तकातली उर्दू लखनौ-दिल्लीच्या वळणाची. मुलगा 'नको' म्हणाला की वर्गात हशा पिकतो आणि उस्ताद त्याला 'सही ज़बान' शिकवतात. सही ज़बान शिकवलीच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. तिच्यावरच पुढची परीक्षा आहे. पण दखनीचे साहित्य शतकानुशतकांचे आहे, आणि मुलाच्या तोंडचा तो 'नको' हा मराठी आणि उर्दू यांच्या शेजारधर्माचा पुरावा आहे, हे उस्तादांना ठाऊक असेल तर दुरुस्ती करताना त्यांचा आवाज वेगळा लागेल. किती मुले हसल्यानंतर बोलायची थांबली, हे मोजायला कोणतीही प्रमाणित चाचणी उपलब्ध नाही. छात्राध्यापकाला डोळे आहेत.

गोंड मुलाचा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा. तो तीनला मूंद म्हणतो आणि चारला नालुंग. तेलुगूत मूडु आणि नालुगु. म्हणजे आकड्यांत तेलुगू त्याला मराठीपेक्षा जवळची. पण पाण्याला तो एर किंवा येर म्हणतो, त्याचा नीळ्ळुशी संबंध दिसत नाही. गोंडीत पुरुषवाचक नामे एका गटात आणि बाकी सर्व, स्त्रियांसह, दुसऱ्या गटात जातात. त्यामुळे मराठी बोलताना त्याची लिंगे उर्दू मुलाहून वेगळ्या तऱ्हेने चुकतात. एकाच बाकावरच्या दोन मुलांची एकच चूक दोन निराळ्या कारणांनी झालेली असू शकते. हे ज्या शिक्षकाला कळले त्याने व्याकरणाचे पुस्तक उघडले नसले तरी चालेल. कळले नाही तर पीएच.डी. करूनही उपयोग नाही.

आणखी एक शब्द. गोंडांच्या परंपरागत प्रमुखाला या भागात मोकाशी म्हणतात. मोकासा हा मुसलमानी आणि मराठेशाही महसुलातला शब्द. त्याचे मूळ अरबीत. तो गोंडाच्या गावगाड्यात पोचला आणि तेथे मानाचा झाला. 'आपल्या गावातले दहा शब्द आणि त्यांचा प्रवास' असा एक छोटा प्रकल्प सातवीच्या मुलांकडून करून घेता येईल. छात्राध्यापकाने आधी स्वतः करून पाहावा म्हणजे झाले.

कोणाला शिक्षक नेमायचे

या सगळ्याला आता एक तातडी आली आहे. अनुसूचित क्षेत्रातल्या शाळांत सर्व शिक्षक आदिवासीच असावेत, असा आदेश आंध्र प्रदेश सरकारने २००० मध्ये काढला होता. तो क्रमांक तीनचा आदेश म्हणून एजन्सीत प्रसिद्ध होता आणि त्यामुळे अनेक गोंड, कोलाम, लंबाडा तरुणांनी अध्यापनाची वाट धरली. २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवून तो रद्द केला. झालेल्या नेमणुकांना मात्र अटींसह अभय दिले. निकालाच्या गुणदोषांची चर्चा कायदेपंडित करतील. शिक्षक-प्रशिक्षकाला त्यातून एवढेच दिसते की गोंड मुलापुढे यापुढे गोंडी न येणारा शिक्षक उभा राहण्याची शक्यता वाढली आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शक्य तेथवर मातृभाषेतून शिक्षण असे म्हटले आहे. 'शक्य तेथवर' या दोन शब्दांत किती शाळा बुडतात ते एजन्सीत येऊन पाहावे.

बाहेरून येणाऱ्या त्या शिक्षकाला गोंडी कोण शिकवणार? सरकारी प्रशिक्षण येईल तेव्हा येईल. त्याआधी त्याच्या हातात एक गोष्ट असते, ती म्हणजे अखेरच्या सत्राचा तो शोधप्रकल्प. त्यातूनच त्याला दोनशे शब्दांची वर्गापुरती गोंडी गोळा करता येईल : बस, उठ, पाणी, भूक, पाऊस, ताप, घरी कोण आहे. ती गोंड पालकांना वाचून दाखवून तपासून घ्यावी. ज्यांनी शब्द सांगितले त्यांची, त्यांची इच्छा असेल तर, नावे पहिल्या पानावर घालावीत आणि इच्छा नसेल तर घालू नयेत. परधानाकडून गाणे उतरवून घ्यायचे तर त्याला मानधन द्यावे. त्याचा तो व्यवसाय आहे, आपल्या गुणांसाठी त्याने तो फुकट चालवावा असे नाही. मार्लवाईच्या ग्रंथाबाबत घेतलेला श्रेयाचा आक्षेप आपल्या पन्नास पानी प्रबंधालाही लागू पडतो.

मार्गदर्शक प्राध्यापकांना एक अडचण येईल, ती रास्त आहे. अशा प्रकल्पाला गुण कसे द्यायचे? कोष्टके तपासणे सोपे असते. शब्दसंग्रह खरा की खोटा हे गोंडी न येणाऱ्या परीक्षकाला कसे कळणार? उपाय कठीण नाही, फक्त आपल्या सवयीबाहेरचा आहे. तोंडी परीक्षेला बाह्य परीक्षकाच्या शेजारी त्या गावातला एक माणूस बसवावा. छात्राध्यापकाने त्याच्याशी पाच मिनिटे बोलावे. सेवानिवृत्त गोंड शिक्षक उटनूरच्या आसपास सहज मिळतात. काही मार्गदर्शकांना यात आपला मान गेला असे वाटेल. पगडी तर कोलामांपुढे मांडी घालून व्याकरण शिकले.

राहिला कपाटाचा प्रश्न. आज प्रबंधाच्या दोन प्रती निघतात, एक महाविद्यालयाला, एक विद्यार्थ्याला. तिसरी प्रत ज्या शाळेत काम झाले तिला द्यावी, आणि ती प्रबंधाची नको, कारण मुख्याध्यापक ती उघडणार नाहीत. शब्दसंग्रह, चुकांची यादी, गोळा केलेल्या गोष्टी एवढीच वीस पाने पिन मारून द्यावीत, मुलांच्या हाताला लागतील अशा फळीवर ठेवण्याजोगी. गोंडीचा मजकूर असेल तर डावीकडे तेलुगू लिपी, उजवीकडे देवनागरी, आणि गुंजाल्याची अक्षरे येणारा कोणी गावात असला तर त्याच्या हाताने लिहून घेण्यासाठी खाली एक कोरी ओळ सोडलेली.